वर्म कुणाच्या हाती द्यायचं?

पत्राचा सारांश : कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र आहे. वय ४३, फौंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगला (साचे करायच्या कामाला) सुपरवायझर. चौदा महिन्यांपूर्वी त्यांचे वडील गेले. ते एसटीत कंडक्टर होते. तेव्हापासून यांना झोप धड लागत नाही, घरात बारीकसारीक गोष्टींवरून आवाज चढतो. वडिलांची पत्र्याची पेटी माळ्यावर तशीच पडून आहे आणि बायकोने तिचा विषय काढला तरी हे चिडतात. बायकोच्या आग्रहाने ते समुपदेशकाकडे जायला लागले. तिसऱ्या बैठकीत समुपदेशक बाई म्हणाल्या, "तुम्ही मिसेससमोर थोडे व्हल्नरेबल व्हा." घरी येऊन त्यांनी कोश उघडला. त्यात मिळालं : जखमी होण्याजोगा, हल्ला करता येण्याजोगा, असुरक्षित, दुर्बल.

ते लिहितात, "ताई, पैसे मोजून मी दुर्बल व्हायला जातोय का? एकदा मोकळं होऊन बघितलंय. २०२० च्या टाळेबंदीत काम बंद होतं तेव्हा एका रात्री थोरल्या भावापाशी रडलो, छातीत धडधडतं म्हणून सांगितलं. पुढं एका साखरपुड्यात चार पाहुण्यांसमोर तो म्हणाला, ह्याला जरा जपून सांगा, हा रडतो. सगळे हसले. त्यानंतर कुणाला काही सांगितलेलं नाही. वडिलांच्या डोळ्यांत मी कधी पाणी बघितलं नाही, आणि माझ्या पोरानं हळवा बाप बघावा असं मला वाटत नाही. या शब्दाचा खरा अर्थ काय, आणि मी करू काय?"

*

नमस्कार.

समुपदेशकाचा शब्द कळला नाही तरी मान हलवून घरी येणारे पुष्कळ असतात. तुम्ही कोश उघडलात. म्हणून आधी शब्दाचंच बघू. तुमची निम्मी अडचण त्या शब्दापाशीच अडली आहे असं मला पत्र वाचताना वाटत राहिलं.

'व्हल्नरेबल'च्या पोटात लॅटिन 'वल्नस' आहे. वल्नस म्हणजे जखम. त्यावरून 'वल्नेरारे', जखम करणे, आणि पुढच्या काळातल्या लॅटिनमध्ये 'वल्नेराबिलिस'. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकाच्या सुरुवातीला रुळू लागला. शेक्सपियरच्या 'मॅकबेथ'मध्ये तो शेवटच्या झुंजीत येतो. मॅकबेथ समोरच्याला बजावतो की तुझी तलवार ज्यांना जखम होऊ शकते त्यांच्या डोक्यावर चालव, माझ्या जिवावर मंत्राचा पहारा आहे. त्याच झुंजीत तो मारला जातो. आपल्याला कुणी काही करू शकत नाही अशी ज्याची खात्री आहे, त्याच्या तोंडी हा शब्द आहे. मला ते फार लागून राहिलं आहे.

आता शब्दाच्या शेपटाकडे बघा. जखम होऊ शकते, एवढंच तो म्हणतो. झालेली आहे असं म्हणत नाही, आणि माणसाच्या अंगातल्या ताकदीविषयी तर एक अक्षरही बोलत नाही. 'दुर्बल' या शब्दाने तुमच्या कोशात गडबड केली ती इथे. दुर्बल म्हणजे ज्याचं बळ कमी आहे तो. तुम्ही कोल्हापूरकडचे आहात. तालमीतला कसलेला पैलवान डोळ्यासमोर आणा. तांबड्या मातीचा एक कण डोळ्यात गेला की त्याचाही डोळा चुरचुरतो, पाणी येतं. त्याला कुणी दुर्बल म्हणणार नाही. डोळा आहे म्हणून तो चुरचुरतो.

आपल्याकडे याच्या उलट बाजूचा शब्द घरोघरी आहे : अक्षता. क्षत म्हणजे घाव. ज्याला घाव लागलेला नाही, जे मोडलेलं नाही, ते अक्षत. माझी आजी लग्नाच्या आदल्या दिवशी परातीत तांदूळ पसरून बसायची आणि कणी वेचून वाटीत टाकायची. अख्खे दाणे कुंकवात माखून नवरानवरीसाठी. कणीची वाटी स्वयंपाकघरात जायची. घरात कुणाला ताप असला की तिची पेज व्हायची. अख्ख्या तांदळाची पेज आजारी माणसाला जड जाते, असं आजीचं म्हणणं होतं.

मी स्वतः 'व्हल्नरेबल' हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो पत्त्यांच्या डावात. माझे वडील आणि त्यांचे तीन मित्र शनिवारी आमच्याकडे ब्रिज खेळायला बसायचे. बोली लावायच्या आधी वडील कधीकधी समोरच्या भिडूला म्हणायचे, "आपण व्हल्नरेबल आहोत, सांभाळून." मी दहा-अकरा वर्षांची. मला वाटायचं, बाबा हरायला आले. पुढे खेळ शिकले तेव्हा कळलं की उलटं आहे. रबर ब्रिजमध्ये, म्हणजे तीनपैकी दोन गेम जिंकायच्या प्रकारात, ज्या जोडीने एक गेम जिंकलेला असतो तीच जोडी व्हल्नरेबल होते. म्हणजे हा शब्द पुढे गेलेल्यांना लागतो. मग त्यांच्यासाठी सगळेच आकडे वाढतात. बोलीपेक्षा एक हात कमी पडला तर एरवी ५० चा दंड, आता १०० चा. पण बारा हात बोलून करून दाखवले तर एरवी ५०० मिळतात, आता ७५०. गमावण्यासारखं ज्याच्याकडे काही आहे, त्यालाच त्या टेबलावर व्हल्नरेबल म्हणतात. चौदा महिने वडिलांसाठी झोप उडालेल्या माणसाला मी हे मुद्दाम सांगते आहे.

या शब्दाला मराठीत नेमका एक प्रतिशब्द नाही. बाई इंग्रजी शब्दावर का गेल्या ते मी समजू शकते. हा शब्द मनाच्या संदर्भात इतका पसरला तो ब्रेने ब्राऊन या अमेरिकी प्राध्यापिकेच्या २०१० मधल्या ह्यूस्टनच्या भाषणानंतर, आणि समुपदेशनाची बरीचशी परिभाषा इंग्रजीतूनच येते. सरकारी मराठीत 'दुर्बल घटक' आहे, 'दरडप्रवण गाव' आहे. मनाला त्यातलं काहीच बसत नाही.

राहिला तुमच्या मनातला शब्द, हळवा. पत्रात तुम्ही तो जवळजवळ शिवीसारखा लिहिला आहे. तुमच्याच जिल्ह्यात गगनबावड्याकडच्या, आजऱ्याकडच्या शेतकऱ्याला विचारा हळवं म्हणजे काय. तो भाताच्या गोष्टी सांगायला लागेल. हळवं भात लवकर तयार होतं, गरवं उशिरा, मधलं ते निमगरवं. 'लघु'पासून हलका, हळू, हळवा, 'गुरू'पासून गरवा. उताराच्या, पाणी न धरणाऱ्या खाचरात हळवं लावतात, खोलगट पाणथळ जागी गरवं. कुठलं बी चांगलं, हे जमीन आणि पाऊस बघून ठरतं. हळवं म्हणून कुणी ते बी फेकून देत नाही. तुमचे वडील गरव्या जातीचे असतील. तुम्ही नसाल. तुमचं पोर कसं निघेल ते अजून कुणालाच माहीत नाही.

मला स्वतःला यापेक्षा जवळचे वाटणारे दोन शब्द आहेत, मर्म आणि वर्म. बाईंना जे म्हणायचं होतं ते यांच्यात आहे असं मला वाटतं, म्हणून इथे जरा थांबते.

मर्म हा शब्द 'मृ', मरणे, या धातूशी जोडतात. शरीरात जिथे लागलं तर जिवावर बेतू शकतं ती जागा. सुश्रुतसंहितेत अशी १०७ मर्मं मोजली आहेत आणि तिथे लागल्यावर काय होतं त्यावरून त्यांचे पाच प्रकार केले आहेत. १९ ठिकाणी लागलं तर माणूस लगेच जातो. ४४ ठिकाणी लागलं तर व्यंग राहतं. ८ जागा अशा की तिथे फक्त वेदना होते, त्यांना रुजाकर म्हटलं आहे. आणि तीनच जागा अशा आहेत की त्यांचं वर्णन वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. त्यांचं नाव विशल्यघ्न. तिथे बाण किंवा काटा रुतला, तर तो आत असेपर्यंत माणूस जगतो. ओढून काढला तर जातो. पिकून आपोआप बाहेर आला तर वाचतो.

शल्य म्हणजे असं रुतलेलं टोक. मराठीत त्याचं झालं 'सल'. मनातला सल.

हे तुमच्या तिसऱ्या बैठकीशी लावून बघा. वडिलांच्या जाण्याचा सल आणि साखरपुड्यातल्या हसण्याचा सल, दोन्ही आत आहेत. तिसऱ्याच भेटीत ते उपटून बायकोसमोर ठेवावं असा जर तुमचा समज झाला असेल, आणि म्हणून तुमचं अंग आकसलं असेल, तर ते आकसणं मला चुकीचं वाटत नाही. बाईंना तसं म्हणायचं नसेलही. त्यांना सांगा, "हा शब्द मला लागला. मराठीत सांगा, आणि सावकाश घ्या." हे एवढं वाक्य बोललात की त्यांनी सांगितलेल्या कामाला सुरुवात झालीच.

आता वर्म. संस्कृतात वर्म म्हणजे चिलखत, कवच. मराठीत ते मर्माच्या जागी येऊन बसलं आणि अर्थाने पार उलटं झालं. वर्मी लागणे, वर्मावर बोट ठेवणे, वर्म हाती लागणे. तमिळमध्येही मर्माच्या जागांना वर्मम म्हणतात. ज्याने अंग झाकायचं त्याचंच नाव उघड्या जागेला मिळालं, हे मला कधी जुनं वाटत नाही. आणि संतांच्या अभंगांतलं वर्म म्हणजे गाभा, आतली खूण. घाव जिथे जिवावर बेततो त्या जागेला आणि अर्थ जिथे राहतो त्या जागेला मराठीत एकच शब्द आहे. म्हणून मर्मभेदी हा शब्द जसा आहे तसा मर्मज्ञही आहे. जागा दोघांनाही ठाऊक असते. एक तिथे टोचतो, दुसरा तिथे हात ठेवतो, किंवा मुद्दाम ठेवत नाही.

तुमच्या भावाला ती जागा ठाऊक झाली आणि त्याने चार लोकांत तिच्यावर बोट ठेवलं. त्यात चूक त्याची होती. हे स्पष्ट लिहिते, कारण पत्रात तुम्ही दोष स्वतःच्या रडण्याला दिला आहे. त्या रात्री तुम्ही केलंत ते बरोबरच होतं. धाकटा भाऊ थोरल्याकडे नाही जाणार तर कुठे जाणार? चुकलं ते पुढे, त्या गोष्टीचं त्याने जे केलं त्यात. तुम्ही मात्र निष्कर्ष काढलात की सांगणंच वाईट, आणि त्याचा भार बायकोवर टाकलात, जिने तुमचं कधी काही बाहेर नेल्याचं पत्रात एक उदाहरण नाही. मी दोनदा वाचून खात्री केली.

दुसरा समज तुमच्या वडिलांविषयीचा. त्यांच्या डोळ्यांत पाणी बघितलं नाही, असं तुम्ही लिहिता. बघितलं नाही हे खरं. पण एसटीचा कंडक्टर म्हणजे कितीतरी रात्री मुक्कामी गाडीवर, परक्या गावात. त्या रात्रींचं तुम्हाला काय माहीत? मलाही नाही. 'नव्हतं' आणि 'दिसलं नाही' यात अंतर ठेवा, एवढंच म्हणते.

आणि तिसरा समज सगळ्यात खोल आहे : घट्ट तो टिकतो. त्यासाठी किल्लारीच्या भूकंपाचं बोलायला हवं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. आपत्तीचा अभ्यास करणारे दोन गोष्टी वेगळ्या मोजतात : बाहेरून येणारा धोका किती, आणि तो झेलणारं घर, गाव कसं आहे. या दुसऱ्यालाच ते व्हल्नरेबिलिटी म्हणतात. किल्लारीचा भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांत मोडणारा नव्हता, तरी लातूर-उस्मानाबादकडची हजारो माणसं गेली. मोठं कारण होतं घरं. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर उन्हापासून बचाव म्हणून वर्षानुवर्षं चढत गेलेले मातीचे थर. पिढ्यान्‌पिढ्या लोकांना तीच घरं भक्कम वाटत आली होती, आणि उन्हा-वाऱ्याला ती भक्कम होतीच. जमीन हलली तेव्हा मात्र त्या भिंतींना वाकायला येत नव्हतं. हलक्या छपराच्या झोपड्यांत राहणारे त्या मानाने वाचले. हे लिहिताना हात जड होतो. ज्यांची माणसं गेली त्यांना उदाहरण म्हणून वापरणं मला सोपं वाटत नाही. पण भिंत जाड म्हणजे घर सुरक्षित, हा हिशेब नेहमी बरोबर येत नाही, हे त्या पहाटेइतकं स्पष्ट मला दुसऱ्या कशानेच कळलं नाही.

तुम्ही लहानपणी गांधारीची कथा ऐकली असेल. ती लोकांच्या तोंडी फिरणारी कथा आहे. डोळ्यांची पट्टी एकदाच सोडून ती मुलाकडे बघणार असते, नजर पडेल तेवढं अंग वज्राचं होणार असतं. विवस्त्र ये, असं तिने सांगितलेलं असतं. दुर्योधनाला वाटेत लाज वाटते, तो कमरेखाली झाकून घेतो. पुढे भीमाची गदा तिथेच बसते. ग्रीकांच्या अकिलीसचीही टाच तेवढी कच्ची राहिली, पण ती आईने धरून ठेवलेली जागा होती. आपल्या कथेत कच्ची राहिली ती लाजेने झाकलेली जागा. ज्या नजरेने बळ यायचं, त्याच नजरेपासून ती लपवली होती. तुमच्या घरी अशी नजर आहे. ती चौदा महिने विचारते आहे.

करायचं काय, ते तुमच्याच धंद्यातून सांगते. माझ्या आतेभावाच्या फौंड्रीत मी एकदा अर्धा दिवस काढला होता. वाळूचा साचा ठोकून झाल्यावर एक म्हातारे कारागीर बारीक सळीने त्यात भोकं पाडत होते. मी विचारलं, इतका घट्ट ठोकलेला साचा पुन्हा कशाला टोचता? ते म्हणाले, "बाई, रस ओतला की आत वाफ धरते. तिला वाट दिली नाही तर ती मालात शिरते." व्हेंट, म्हणजे हे वाफेचं भोक, मारला नाही तर कास्टिंग बाहेरून गुळगुळीत दिसतं आणि मशीनवर चढवलं की आत ब्लोहोल, म्हणजे वाफेने धरलेली पोकळी, निघतो. हे मी तुम्हाला काय सांगणार? एवढंच ध्यानात आणून देते की ती भोकं बारीक असतात, ठरवून पाडलेली असतात, आणि साचा मोडेल इतकी कुणी पाडत नाही. तुमच्या घरात चढणारा आवाज मला मालात शिरलेल्या वाफेसारखा वाटतो.

सुरुवात रुजाकर जागेपासून करा. जिथे नुसतं दुखेल, जीव जाणार नाही अशी गोष्ट. "काल रात्री दोन वाजता जाग आली, मग झोपलोच नाही," एवढं सांगा. साखरपुड्यातली भावाची गोष्ट आजच काढू नका. आधी तिला सांगून ठेवा की मला उपाय नकोय, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक. आपल्या घरांमध्ये प्रेम उपायाच्या रूपाने येतं. 'काळजी करू नका', 'देवळात जाऊन या', 'चहा ठेवू का'. सांगणाऱ्याला वाटतं की आपलं बोलणं झटकलं. म्हणून आधीच सांगितलेलं बरं. भांडण झाल्यावर रात्री अंथरुणात हा विषय नको. गाडीवरून जाताना, भाजी निवडताना, फिरताना, म्हणजे डोळ्याला डोळा न देता बोलता येतं तेव्हा बोला. पुरुषांना तसं सोपं जातं असा माझा अनुभव आहे, आणि बऱ्याच बायकांनाही.

मग आठ-दहा दिवस बघा. सांगितलेली गोष्ट टोमणा होऊन परत येते का? माहेरी पोचते का? नाही पोचली तर पुढची गोष्ट. एखादी पोचलीच, तर त्याच दिवशी शांतपणे सांगा, "हे मी तुला सांगितलं होतं, घरात राहू दे." भावाच्या वेळी हे म्हणायचं राहून गेलं. आजही म्हणता येईल : "त्या दिवशीचं तुझं बोलणं माझ्या वर्मी लागलं." तो माफी मागेल की पुन्हा हसेल, मला सांगता येणार नाही. पुन्हा हसणार असं तुमचं मन सांगत असेल तर नका जाऊ. त्याच्याशी सणावाराला गोड बोलून, मनातलं न सांगताही नातं राहतं. सगळ्यांना सगळं सांगायला तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. फौंड्रीतल्या साहेबाला तर मुळीच नाही.

मुलासमोर रडून दाखवायची गरज नाही. आवाज चढला की नंतर त्याला म्हणा, "तुझ्यावर रागावलो नव्हतो, आजोबांची आठवण येत होती." आत्ता त्याला बापाचा राग दिसतो आणि त्याचं कारण दिसत नाही. पोरं अशा वेळी कारण स्वतःत शोधतात.

चौदा महिने झोप नाही, ही वेगळी गोष्ट आहे. ती बोलण्यावर सोडू नका. डॉक्टरांना दाखवा, त्यांना गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. रात्री दोनला फार कोंडलं तर सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आहे. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

हे वाचणाऱ्यांत अशाही बाया आणि काही पुरुष असतील ज्यांच्या घरात सांगितलेली प्रत्येक गोष्ट उलटून अंगावर येते. टोमणा, मार, 'तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय' अशी दवंडी. त्यांना मी 'मोकळं व्हा' हा सल्ला देणार नाही. तुम्ही कवच घातलंय ते तुमच्या शहाणपणाने घातलंय. त्या माणसासमोर ते काढू नका. बहीण, जुनी मैत्रीण, समुपदेशक, घराबाहेरचं एक तरी माणूस शोधा. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१ आहे. आणि कुणी तुम्हाला मन मोकळं कर म्हणून खोदून खोदून विचारत असेल, आणि स्वतःचं काहीच सांगत नसेल, तर थोडं थांबून बघा.

तुमच्याकडे वळते. पत्रातली एक गोष्ट मी शेवटी ठेवली होती, माळ्यावरची पेटी. तुम्ही तिच्याबद्दल एकच ओळ लिहिली आहे. आत काय आहे, लिहिलेलं नाही. खाकी कपडे असतील, बिल्ला असेल, कदाचित तिकिटांचा जुना पंच. मला एवढं माहीत आहे की पत्र्याची भरलेली पेटी माळ्यावरून एकट्याने उतरवता येत नाही. शिडीवर एकजण चढतो, आणि खाली उभं राहून तिचा भार हातावर घ्यायला दुसरं माणूस लागतं. दिवस तुम्ही ठरवा, घाई नाही. त्या दिवशी पोराला कुठे पाठवू नका, आणि शिडीवर चढण्याआधी बायकोला हाक मारा.